नऊ अंगठे

अंबाजोगाई
४ जानेवारी २०२५

दादा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता सायलीकडून लिहून घेतलाय. सायली माझी वर्गमैत्रीण, आता केजच्या कोर्टात वकील आहे. सुरुवातच फसवाफसवीनं केली म्हणशील. म्हण.

माझा नंबर तू सात वर्षांपासून बंद करून ठेवलायस. मायच्या फोनवर लावला तर तूच उचलतोस, माझा आवाज ऐकतोस आणि ठेवून देतोस. म्हणून कागद.

तुला नोकरी लागल्याचं कळलं. रिंग रोडच्या मोठ्या दवाखान्याची माणसं वस्त्यांवर गुडघ्याच्या गोळ्या वाटायला येतात, त्यांच्यात तू आहेस, गळ्यात ओळखपत्र असतं, मोटारसायकल मिळालीय, सगळं कळलं. बरं वाटलं. बारावी अर्धी टाकून तू आबांबरोबर मेंढरांमागे गेलास ते मला होस्टेलला राहता यावं म्हणून, हे मी विसरलेले नाही.

आणि तो दिवसही विसरलेले नाही. आबा दवाखान्यात होते, दम आवरत नव्हता. सलाईन थांबली होती आणि हातावर फुगा आला होता. सिस्टर कुठं दिसेना. तू मला दंडाला धरून पुढं केलंस आणि शेजारच्या खाटेवरच्या लोकांना सांगितलंस, ‘आमची योगिता शिस्टरच हाय. तीच बघंल.’ मी त्या नळीकडे बघत उभी राहिले. मग म्हणाले, मला येत नाही दादा. मी नर्सिंगला कधी गेलेच नाही. चार वर्षं मी तत्त्वज्ञान शिकतेय.

ते आबांनीही ऐकलं. दोन दिवसांनी ते गेले.

जिन्यात तू एवढंच विचारलंस, ‘त्ये शिकून मानूस काय व्हतंय?’ मला उत्तर आलं नाही, आणि तू थांबलाही नाहीस.

आम्ही वर्गात सहाजण होतो. सायलीचं सांगितलंच. ती म्हणते, समोरच्या वकिलाच्या बोलण्यात मधला दुवा कुठं निसटलाय ते तिला चटकन दिसतं, आणि ते तिला आमच्याच वर्गात शिकवलं होतं. तानाजी स्पर्धा परीक्षा देऊन फौजदार झाला. भारत पुण्यात एका कंपनीत आहे. कॉम्प्युटरनं दिलेली उत्तरं बरी की वाईट ते दिवसभर ठरवत बसतो. हसू नकोस, त्याच्यामागे घर चालतं. एकाचं दिंद्रुडला खताचं दुकान आहे. उज्ज्वला दारू सोडवायच्या केंद्रात लोकांशी बोलायचं काम करते आणि म्हणते की तिला त्यातलं निम्मं काम गप्प बसण्याचंच असतं. मी इथल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. वर्गात अकरा पोरं आहेत. दरवर्षी विभाग बंद पडणार म्हणतात आणि दरवर्षी राधाकिशन सर घरोघर फिरून दहा-बारा पोरं गोळा करतात. सर निवृत्त झालेत तरी.

नर्सिंगच्या यादीत माझं नाव लागलं होतं, ते खोटं नव्हतं. फी भरायच्या आदल्या दिवशी होस्टेलच्या मुलींबरोबर सरांचं व्याख्यान ऐकायला गेले. त्यांनी मला उभं करून एक प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत थांबले. सगळा हॉल थांबला. माझ्या उत्तरासाठी तोवर कुणी थांबलं नव्हतं, दादा. तूसुद्धा नाही. त्या दिवसापायी मी तुम्हा सगळ्यांना चार वर्षं खोटं सांगितलं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

मायचे गुडघे कसे आहेत? आणि म्हाळूमामा यंदा मेंढरं घेऊन कधी निघाले, दिवाळी झाल्याबरोबर, का नंतर? वाटेतून परत आले असं ऐकलं. सहज विचारते. उत्तर लिहिलंस तर बरं होईल. लवकर लिही.

योगिता


अंबाजोगाई
९ जानेवारी २०२५

दादा,

मी सहज विचारत नव्हते.

हे पत्र टपालात टाकत नाही. सायली कोर्टात जाताना वाट वाकडी करून तुझ्या हातात देईल. तिला आत काय आहे ते माहीत नाही. वाचून होईपर्यंत फाडू नकोस.

नवीन औषध माणसांवर तपासून बघायचं तर दवाखान्याला एक कमिटी नेमावी लागते, एथिक्स कमिटी. तिच्या परवानगीशिवाय एक गोळीसुद्धा देता येत नाही. कमिटीत डॉक्टर असतात, एखादा कायद्याचा माणूस असतो, आणि नियमानंच एक जागा अशी असते की तिथं समाजशास्त्राचा किंवा तत्त्वज्ञानाचा माणूस बसतो. त्या जागेवर आधी राधाकिशन सर होते. दोन वर्षांपासून मी आहे. तुमच्या रिंग रोडच्या दवाखान्यात. ज्या गोळ्या तू वाटतोस त्या अजून बाजारात आलेल्या नाहीत. डॉ. विजयसिंह त्या तपासून बघतायत. हे तुला त्यांनी सांगितलंय का, मला माहीत नाही.

२७ डिसेंबरला फायली तपासायची पाळी माझी होती. गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाचं संमतीपत्र असतं, अकरा पानांचं. ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवायचं, त्याचा अंगठा घ्यायचा, आणि दवाखान्याशी संबंध नसलेल्या माणसानं साक्षीदार म्हणून सही करायची. युसूफ वडगावच्या वस्त्यांवरची एकोणीस संमतीपत्रं होती. सगळ्यांवर साक्षीदार एकच, सोमेश्वर सटवा. सही बघितल्याबरोबर मला तुझी शाळेची वही आठवली. ‘श्व’ला तू तसाच झोका देतोस.

त्यातल्या नऊ अर्जांवर नऊ नावं आहेत आणि अंगठा एकच आहे. प्रत्येक ठशाच्या मधून एक तिरपी पांढरी रेघ गेलीय. लोकर कापताना कातर अंगठ्यात गेली तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास. हळद मीच दाबून धरली होती. दुसऱ्या कुणाला ती रेघ शाई कमी लागल्यासारखी दिसेल. मला दिसली तशी कुणाला दिसणार नाही.

नवांतलं एक नाव म्हाळूमामांचं आहे. अर्जावर तारीख २१ नोव्हेंबर. मामा भाऊबीज झाली की मेंढरं घेऊन निलंग्याकडे जातात. २१ तारखेला ते इथं असायला नकोत. तुला विचारलं ते म्हणून. तू लिहिलं नाहीस, पण मामांच्या सुनेनं काल फोनवर सांगितलं. ते चार नोव्हेंबरलाच निघाले होते आणि गोळ्या त्याच्याही आधीपासून चालू होत्या. डिसेंबरात पाय सुजले, लघवी बंद व्हायला लागली, तेव्हा टेम्पोत घालून आणलं. आता लातूरला आहेत. मूत्रपिंडाचं दुखणं झालंय. दवाखान्याच्या फायलीत मात्र त्यांच्या नावापुढे ‘रुग्ण येणे बंद’ एवढंच लिहिलंय.

गोळ्यांमुळेच झालं असं मी म्हणत नाही. कुणालाच ते अजून माहीत नाही. पण कुणी विचारतही नाहीये, आणि बाकीचे अठराजण आज सकाळीही गोळी घेऊन रानात गेले असतील.

कमिटीत आलं की एका कागदावर सही करावी लागते, की इथलं बाहेर बोलणार नाही. हे पत्र लिहून मी तो नियम मोडतेय. त्याहून वाईट म्हणजे, २७ तारखेला बघितलं आणि आज नऊ आहे. इतके दिवस मी गप्प आहे. पहिल्या पत्रात तुला वर्गाची कहाणी सांगत बसले. तेवढे दिवस त्या लोकांनी गोळ्या घेतल्या.

दोनच गोष्टी कर. आजच्या आज वस्तीवरच्या गोळ्या थांबव. आणि कमिटीच्या अध्यक्ष संगीता मॅडम आहेत, निवृत्त न्यायाधीश, त्यांच्यापुढे स्वतः जाऊन काय झालं ते सांग. आपणहून गेलास तर त्याचा अर्थ वेगळा होईल. मी रविवारपर्यंत थांबते. सोमवारी मला बोलावंच लागेल.

योगिता


अंबाजोगाई
१३ जानेवारी २०२५

दादा,

काल तू आलास तेव्हा मला धड बोलता आलं नाही. जे बोलले त्यातलं निम्मं बोलायला नको होतं. तू दारातच उभा राहिलास, चप्पलसुद्धा काढली नाहीस. सात वर्षांनी बघत होते तुला. कानावरचे केस पांढरे झालेत.

तू म्हणालास, ‘तू चार वर्षं खोटं बोललीस. मी तुला कुण्या कचेरीत न्हेलं का?’

मी म्हणाले, माझ्या खोट्यानं कुणाचे पाय सुजले नाहीत.

मग तू भिंतीकडे बघत म्हणालास, ‘आबा तुज्या नावावर धीर धरून व्हते. शिस्टर येनार म्हणून.’ ते खरंच आहे. पण दादा, माझं खोटं तुझ्या खोट्यावर ठेवून वजन सारखं होत नाही. दोन्ही आपापल्या जागी तशीच राहतात.

तू जे सांगितलंस ते मी पुन्हा लिहून काढते, कारण ऐकताना मला राग आला होता आणि रागात माणूस नीट ऐकत नाही. डॉ. विजयसिंहांनी दिवाळीआधीच गोळ्या वाटायला सांगितल्या. म्हणाले, औषध चांगलं आहे, कागद मागाहून भरू. नोव्हेंबरात वरून तपासणी येणार म्हणून एका दिवसात एकोणीस अर्ज पुरे करायला सांगितले. नऊ माणसं रानात गेलेली. तू म्हणालास, मागाहून त्यांना सांगणारच होतो. आणि मग ते म्हणालास, ‘मला पयल्यांदाच लोक सायेब म्हणायला लागलेत. मेंढरामागं फिरताना मला कोन इचारत व्हतं?’

ते ऐकून मी गप्प बसले, तेव्हा मला ते पटलं असं तुला वाटलं असेल. मला लाज वाटत होती. मला हॉलभर लोकांनी थांबून ऐकलं, त्या दिवसासाठी तू काय सोडलं होतंस ते मी कधी मोजलंच नाही.

आणि मग तू चिडून म्हणालास, ‘मी काय जहर वाटतोय का? मायला बी त्याच गोळ्या देतोय.’

दादा, त्यानंतर तू काय बोललास ते मला खरंच आठवत नाही. मायचं नाव यादीत नाही. तू तिला म्हाळूमामांच्या वाट्याच्या गोळ्या देत होतास, ते रानात गेल्यापासून, म्हणजे दोन महिने. तिच्या पायांना सूज आहे का विचारलं तर तू म्हणालास, उन्हातान्हात वयाच्या मानानं येतीच की. मला कळलं की तू लपवत नव्हतास. तुला त्या गोळ्यांवर खरंच भरवसा होता. चोर असतास तर माझं काम सोपं होतं.

जाताना तू सांगितलंस, सोमवारी आजारी पड. हे तुझ्याच डोक्यातलं की कुणी सांगितलेलं, ते विचारायचं राहिलं. आता विचारतेय, कारण शनिवारी मला प्राचार्यांनी बोलावलं होतं. तिथं मोहनराव चहा घेत बसले होते. डॉ. विजयसिंहांचे काका. आमच्या संस्थेवर आहेत. त्यांनी माझी चौकशी केली, आबांची आठवण काढली, मेंढरं किती आहेत विचारलं. उठता उठता म्हणाले, ‘पोरी, तुजं शिक्षान लई झालंय. त्या फिलॉसॉफीच्या तासिका पुढच्या साली ठिवायच्या का न्हाई, त्ये बघावं लागंल.’ प्राचार्य टेबलावरच्या कागदांकडे बघत होते.

मी अजून कमिटीत कुणाला काही बोलले नव्हते. तुझ्याशिवाय कुणालाच नाही. म्हणजे माझं पत्र तू डॉक्टरांना दाखवलंस. मी तुला दोष देत नाही. मीच ते लिहिलं.

काल संध्याकाळी राधाकिशन सरांकडे गेले. नावं न घेता त्यांना विचारलं, पण ते काही दुधखुळे नाहीत. अडचण अशी होती. नियम म्हणतो, सदस्याचं जवळचं माणूस प्रकरणात असेल तर ते सांगून खोलीबाहेर जायचं. मी सांगितलं तर मला बाहेर जावं लागेल, आणि मग ते ठसे एकावर एक ठेवून बघणारं आत कोण उरेल? नाही सांगितलं तर मी तुझ्या जागी बसले, साक्षीदार नसताना साक्षीदार. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘बाई, खोलीतून उठून जायचं तुला बंधन आहे. टेबलावर कागद ठेवून उठायला कुणी मना केलंय?’

आज सकाळी दहाला मी संगीता मॅडमना फोन केला. संक्रांत झाली की परवा, बुधवारी, तातडीची बैठक आहे. तू मला शिव्या देत असशील तर दे. पण उद्या सायली गाडी घेऊन वस्तीवर येतेय, मायला तपासणीला इकडे घेऊन यायला. तिला अडवू नकोस. तिच्याबरोबर तूही आलास तर मी काही विचारणार नाही.

योगिता


अंबाजोगाई
१६ जानेवारी २०२५

दादा,

माय माझ्याकडे आहे. तिच्या लघवीत काहीतरी जातंय, मूत्रपिंडाला मार बसलाय पण थोडा, गोळ्या बंद केल्या तर सावरेल असं इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आठवड्यानं पुन्हा रक्त तपासायचंय. तिला मी सगळं सांगितलं नाही. तिनं एवढंच विचारलं, ‘सोम्यानं काय केलं का?’ मी म्हणाले, तो सांगेल.

बैठकीचं तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मी लिहिते.

सुरुवातीलाच मी उभी राहिले आणि सांगितलं की साक्षीदार सोमेश्वर माझा सख्खा भाऊ आहे. तो दवाखान्याच्याच नोकरीत आहे, म्हणजे साक्षीदार म्हणून त्याची सही मुळातच चालत नाही. मग अर्जांची यादी, ठशांच्या मोठ्या केलेल्या प्रती आणि म्हाळूमामांच्या तारखा टेबलावर ठेवल्या. त्यांच्यावर तुला लिहिलेल्या तिन्ही पत्रांच्या नकला ठेवल्या. मी प्रत्येक पत्राची नक्कल ठेवते हे तुला माहीत नव्हतं. आपलं घरातलं, आबांचं, सगळंच आता त्यांच्या फायलीत गेलं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली. पण पत्रं लपवली असती तर बाकीच्या कागदांवर कुणी का विश्वास ठेवावा?

डॉ. विजयसिंहांना बाजू मांडायला बोलावलं होतं. ते शांत होते. म्हणाले, म्हणजे सगळा घोळ या बाईंच्या भावानं घातला, हे त्या स्वतःच कबूल करतायत. आमचीच फसवणूक झालीय.

मला त्या वेळी बोलायचा अधिकार उरला नव्हता. दार उघडून मी बाहेर पडणार होते. तरी वळून म्हणाले, ‘डॉक्टर, अंगठा त्याचा आहे. पण गोळ्या दिवाळीआधी वस्तीवर पोचल्या आणि अर्ज नोव्हेंबरात भरले. मधले दिवस औषध कुणाच्या कपाटातून निघत होतं?’

संगीता मॅडमनी मला हात करून थांबवलं आणि तोच प्रश्न लिहून घ्यायला सांगितला. मग मला जायला सांगितलं.

मी खाली जाऊन बसस्टँडपर्यंत चालत गेले आणि परत आले. तसं दोनदा केलं. तासाभरानं फोन आला. औषधाचं काम त्याच दिवसापासून बंद. सगळ्या गोळ्या चार दिवसांत परत गोळा करायच्या, सगळ्यांची तपासणी करायची, म्हाळूमामांचं वरच्या कचेरीला कळवायचं. चौकशी होईल, डॉक्टरांची आणि तुझी. तुला ५ फेब्रुवारीला बोलावणं येईल. पोलिसात द्यायचं की नाही ते त्यानंतर. मला कमिटीतून काढलं. आतली गोष्ट बाहेर बोलले म्हणून. मॅडम म्हणाल्या, तुम्ही कागद आणलेत त्याबद्दल आभार, आणि तुम्ही पत्रं लिहिलीत त्याबद्दल तुम्हाला इथं ठेवता येणार नाही. मला दोन्ही बरोबर वाटलं.

आज प्राचार्यांनीही कळवलं. उन्हाळ्यानंतर तासिका नाहीत. अकरा पोरांचं काय, तर त्यांना समाजशास्त्रात घेतील. सायली म्हणते, कोर्टाबाहेर रोज शंभर माणसं न वाचता कागदावर सह्या करतात, तिथं खुर्ची टाकून बस आणि वाचून दाखव. चेष्टेत म्हणाली. मी मात्र रात्रभर त्याचा विचार केला.

तुझ्यावर केस झाली तर सायली तुझ्या बाजूनं उभी राहणार आहे. मी तिला सांगितलेलं नाही, ती आपणहून म्हणाली. मी तुझ्याविरुद्ध जे सांगितलंय ते मागे घेणार नाही, हे तुला आधीच सांगते. पुन्हा तुझ्याशी खोटं बोलायचं नाही.

योगिता


युसूफ वडगाव
२ फेब्रुवारी २०२५

योगिता,

मला तुज्यावानी लिवता येत न्हाई. बारावी सोडल्यापास्नं आज लिवतोय. चुकलं तर चुकलं.

तुजं पत्र मीच डाक्टरला दाखवलं. घाबरलो व्हतो. त्ये म्हणले तू गप बस, आमी बघून घेतो. सोळा तारखेला त्येंनीच मला कामावरनं काढलं आन कागदावर लिवलं की ह्या मानसानं परस्पर केलं. तवा मला कळलं.

माय कशी हाय त्ये सायलीताई सांगतेत. दुसरं रगत चांगलं आलं म्हणल्या. मी यायला पायजे व्हतं. तोंड न्हाई.

गोळ्या गोळा करायला दवाखान्याची दोन पोरं आली. लोकांनी त्येंला गोळ्या दिल्या न्हाईत. म्हणले, सोम्यानं दिल्यात, सोम्याला देऊ. मग मी गेलो. घरोघर. मोटारसायकल न्हेली त्येंनी, चालतच गेलो. तू सांगितलेला त्यो अकरा पानाचा कागद माज्याकडं व्हताच. मी त्यो आजवर एकदा बी पुरा वाचला नव्हता. साक्षीदार म्हणून एकोनीस सह्या केल्या आन वाचला न्हाई.

आता वाचला. पयलं मला एकट्याला, मग एकेकाच्या घरी बसून. एका मानसाला पाऊन घंटा लागतो. काही सबूद मलाच कळंनात, तर सायलीताईंला फोन करून इचारले. लोकांनी शिव्या दिल्या. एका घरात बाईनं अंगावर पानी टाकलं. म्हादू हटकरानं सगळं ऐकलं आन म्हणला, वाच बे आजून एकदा. दुसऱ्यांदा वाचलं. गोळ्या लगेच जमल्या, पर अठरा घरी वाचून व्हायला नऊ दिवस लागले. चौघांचे पाय सुजलेले निगाले. त्येंची नावं लिवून मी संगीता मॅडमला पोच केली. त्येंनी पोच दिली.

पाच तारखेला मी जानार हाय. अंगठा माजा हाय म्हणून सांगनार. गोळ्या कुनी दिल्या, कवा दिल्या, त्ये बी सांगनार. मोहनरावाचा मानूस दोनदा यिऊन गेला. मी त्येला च्या पाजला आन लावून दिला. काय व्हईल त्ये व्हईल. तू काय इचारतील त्ये मला सांगू नको. पाठ करून गेलो तर पुन्हा खोटंच वाटंल.

तुज्यावर राग हाय. खोटं कशाला बोलू. पण आता त्यो सात वर्साचा न्हाई, ह्या महिन्याचा हाय.

काल लातूरला गेलतो, म्हाळूमामाकडं. एकाआड एक दिस मशीनवर घालतेत त्येंला. बारीक झालेत, पर वळखलं. मी पायापाशी बसलो आन म्हणलो, मामा, तुमच्या नावानं मी अंगठा लावला, त्या कागदात काय व्हतं त्ये वाचायला आलोय. मी वाचायला लागलो. सून उठून भाईर गेली. धाव्या पानावर लिवलंय की कुनाला बी, कवा बी, कारन न सांगता न्हाई म्हणता येतंय, आन न्हाई म्हणलं तरी त्येच्या उपचारात फरक पडनार न्हाई.

तिथं मामानं हात वर केला. मी थांबलो. लई येळ थांबलो. मग त्येंनी इचारलं,

‘मंग सोम्या, आता न्हाई म्हणलं तर चालतंय का?’

मी म्हणलो, ‘चालतंय मामा. तवा बी चालत व्हतं.’

सोमेश्वर